हातावरचं शिसं

ज्या म्हाताऱ्याकडून मी शिशाच्या गोळ्या घ्यायचो त्याच्यावर माझा अजून राग आहे. त्याने मला फसवलं म्हणून नव्हे. माल चांगला होता, मोजून भरलेला होता, आणि त्याने मला त्या दिवशी जे सांगितलं ते शब्दन् शब्द खरं निघालं. राग आहे तो त्याने ते कसं सांगितलं त्याचा. बायको म्हणते की हा राग मी मुद्दाम सांभाळून ठेवलाय, कारण तो सोडला तर मग फक्त मीच उरतो. तिचं म्हणणं चूक नसेल.

तेव्हा आम्ही टेक्सासमध्ये, प्लेनोला राहत होतो. हायवेच्या कडेला माझं छोटं दुकान होतं. दूध, ब्रेड, सिगरेटी, थंड पेयं आणि बाहेर गॅसचे, म्हणजे पेट्रोलचे, दोन पंप. ते उभं करायला मला नऊ वर्षं लागली होती. मोटेलच्या चादरी बदलल्या, दुसऱ्यांच्या काउंटरवर उभा राहिलो, आणि मग हे घेतलं. घेताना आधीच्या मालकाशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "घे बाबा, पण आता बोलू नकोस."

एका दुपारी, लख्ख उन्हात, एक माणूस आत आला आणि माझ्या छातीवर पिस्तूल रोखलं. गल्ल्यातलं सगळं दिलं. जाताना त्याने काउंटरवरचं च्युइंग गमचं पाकीटही उचललं, सावकाश, आवडीचा स्वाद निवडून. तो गेल्यावर फोन करायचा होता, पण मी केला नाही. काउंटरला धरून उभा राहिलो. नंतर लक्षात आलं की मी फ्रीजच्या मोटरचा आवाज ऐकत होतो, आणि तो थांबू नये असं मला वाटत होतं.

त्या दिवसापासून दाराची घंटा वाजली की मी दचकायचो. शाळकरी पोरं चिप्स घ्यायला आली तरी. मग मी रिव्हॉल्व्हर घेतलं. तोवर मला ग्रीन कार्ड मिळालं होतं, कागदपत्रं सगळी नीट होती.

"अहो, घरात दोन वर्षांचं मूल आहे," बायको म्हणाली.

"कुलूप लावतो. किल्ली माझ्या गळ्यात."

"किल्ली गळ्यात घालून झोप लागते का बघा."

नेमबाजीच्या रेंजवर सराव सुरू केला तेव्हा हात इतका थरथरायचा की कागदाच्या टार्गेटवर भोकं शोधावी लागत. तिथल्या शिकवणाऱ्याने सांगितलं की हात स्थिर व्हायचा तर आठवड्याला निदान दोनशे फैरी झाडायला हव्यात. तयार काडतुसं महाग. म्हणून नियमित येणारे लोक आपली काडतुसं घरीच भरायचे. गोळी उडाली तरी पितळेची रिकामी पुंगळी मागे उरते, ती पुन्हा वापरता येते. तिच्यात नवी बंदुकीची दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची, हाताने चालवायच्या प्रेसचा दांडा ओढायचा. मी दोन दिवस त्यांचं काम बघितलं आणि दुकानदाराच्या नजरेने मला कळलं की सगळा खर्च गोळीत आहे. पितळ परत येतं. गोळी परत येत नाही.

म्हणजे गोळी स्वस्त मिळाली पाहिजे.

शनिवारी सकाळी जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरायचा. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर तो म्हातारा बसायचा. खांद्यांवरून पट्टे घेतलेली पँट, शर्टाच्या खिशात पेन्सिल, शेजारी पाण्याचा मोठा कॅन. त्याच्याकडे तीन प्रकार होते. पहिल्या तांब्याचा थर दिलेल्या, चकचकीत आणि महाग. दुसऱ्या कारखान्यात ओतलेल्या कडक शिशाच्या, त्यांच्या भोवतालच्या खाचेत वंगणाचं निळं कोरडं मेण. आणि तिसऱ्या त्याने स्वतः घरी ओतलेल्या, कॉफीच्या डब्यांत भरलेल्या. त्यांच्या खाचेत त्याने स्वतःच बनवलेलं काळपट, चिकट ग्रीस होतं. हात लावला की बोटाला यायचं.

मी कोल्हापूरचा. माझे वडील उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात साचे करायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि तिथेच वाळूत बसून राहायचो. वितळलेल्या धातूबद्दल मला कुणी काही शिकवावं असं मला वाटत नव्हतं. त्याच्या डब्यातली एक गोळी उचलली आणि नखाने ओरखडा काढून बघितला. नख सहज रुतलं तर शिसं फार मऊ, ते नळीत चिकटून बसतं आणि मग तासभर घासत बसावं लागतं. अजिबात रुतलं नाही तर फार कडक, आणि त्या कडकपणाचे पैसे आपण उगाच भरतो. टार्गेटच्या हलक्या काडतुसाला त्याची गरज नसते. ह्याच्या गोळीवर नखाची जेमतेम रेघ उठली. मला हवी तशी.

पण ते त्याला सांगायचं नसतं.

"हे बघ," मी गोळी त्याच्यासमोर धरली. "नाकावर सुरकुत्या आहेत. साचा तापायच्या आधी ओतलंस."

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "तू हे कुठे शिकलास?"

"बाप ओतकामात होता."

"म्हणजे तू डॉक्टर नाहीस. मला वाटलं तुम्ही सगळे डॉक्टर असता."

"मी दूध आणि सिगरेटी विकतो."

"म्हणजे डॉक्टरांना पेशंट पुरवतोस." तो स्वतःच हसला. "सुरकुत्या असलेल्या मी परत वितळवतो. त्या ह्या वेगळ्या डब्यात आहेत."

मी त्या डब्यातल्या दहा-पंधरा गोळ्या उलट्या करून बघितल्या. गोळीचं नाक बघायचं नसतं, बूड बघायचं. बूड सपाट आणि धारेला अखंड असेल तर पन्नास फुटांवर नाकावरच्या सुरकुत्यांनी काही बिघडत नाही. ह्याची बुडं उत्तम होती. जो माल तो परत वितळवणार होता तो माझ्यासाठी पहिल्या प्रतीचा होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

"तू हे वितळवण्यात गॅस जाळणार, दिवस घालवणार. मी उचलतो सगळं. निम्म्या भावात."

"निम्म्यात नाही."

"मग वितळव."

मी चालायला लागलो. पाच पावलं. त्याने हाक मारली. हे मला येतं, हे मला आईने मंडईत शिकवलंय.

भाव ठरल्यावर तो डबे बांधायला लागला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "घरात लहान मूल आहे का?"

"मुलगी आहे. दोन वर्षांची."

"मग हे घेऊ नकोस, ह्या घे." त्याने तांब्याच्या थराच्या गोळ्यांची डबी माझ्याकडे सरकवली. "ह्यांचं हाताला काही लागत नाही. माझ्या गोळ्या हाताळल्यास तर गार पाण्याने, साबण लावून, कोपरापर्यंत हात धुवायचे. नखंसुद्धा. धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शिसं वाईट असतं, मुलांना तर फारच." हे सगळं बोलताना त्याचा हात त्या महाग डबीवर होता. आणि मग तो म्हणाला, "दोन डब्या घेतल्यास तर भावात बघतो."

मी हसलो. खरंच हसलो.

आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. दर वेळी आईच्या पातेल्यात डोकावून म्हणायचा, "वहिनी, कल्हई गेली. आमटी कळकेल, पोरांना उलट्या होतील." आई पातेलं त्याच्या हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "विकणाऱ्याची काळजी अर्धीच ऐकायची असते." मी तिचं ते वाक्य अमेरिकेत पदोपदी वापरलं होतं. टायर बदला म्हणणारा मेकॅनिक, विमा वाढवा म्हणणारा एजंट, सगळ्यांना. त्याने माझा फायदाच झाला होता. म्हाताऱ्याला मी म्हणालो, "माझा बाप शिसं, पितळ, बीड सगळ्यात राबला आणि त्याच हाताने जेवला. मला ह्याच दे."

त्याने खांदे उडवले. मी डबे उचलले तेव्हा तो शेजारच्या कॅनच्या पाण्याने हात धूत होता. साबण लावून, एकेक बोट. मग त्याने सँडविच उघडलं. म्हटलं, म्हातारा सोवळ्यातला दिसतोय.

आमच्या घरी संध्याकाळ माझी असायची. बायको एका बँकेच्या ऑफिसात चेक तपासायची, तिची पाळी चार ते अकरा. दुकानावर संध्याकाळी एक पगारी माणूस असायचा. मी पाचला घरी यायचो आणि शेजारच्या मावशींकडून मुलीला घेऊन यायचो. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला मी प्रेस बसवली होती, कारण तिथून मुलीवर नजर राहायची. ती खाली जमिनीवर तिच्या ठोकळ्यांशी खेळायची. मी शंभर काडतुसं भरायचो. डब्यातून गोळी उचल, पुंगळीच्या तोंडावर ठेव, दांडा ओढ. डब्यातून गोळी उचल. शंभर वेळा तेच. दुकानातल्या त्या दुपारनंतर दिवसातला तेवढाच एक तास माझं मन जागेवर असायचं. बोटांची टोकं करडी व्हायची, नखांच्या कडांना काळं ग्रीस बसायचं. मला ते बरं वाटायचं. वडिलांचे हात तसेच होते.

मग कुकर उघडायचो. वरणभात, वर साजूक तूप. आपण हात कसे धुतो ते आपल्याला माहीत आहे. नळाखाली बोटं धरायची, झटकायची, टॉवेलला पुसायची. ते ग्रीस पाण्याने हलतसुद्धा नसे. आणि त्याच पाच बोटांनी मी भात मऊ कालवायचो. नीट, एकही शीत अखंड राहणार नाही असा, कारण तिला घशाशी अडकायचं. तूप जिरेपर्यंत बोटांनी मळायचो. मग छोटा घास करून, "हा चिऊचा, हा काऊचा" करत तिच्या तोंडात द्यायचो. शेवटचं बोट ती चाटायची. रोज. पाच महिने.

चमच्याने ती खात नसे. मलाही चमच्याने भरवणं हे भरवणं वाटत नव्हतं.

दरवर्षीची तपासणी म्हणून तिला मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला. चार दिवसांनी दुकानात फोन आला. मुलीला पुन्हा घेऊन या, ह्या वेळी शिरेतून रक्त घ्यायचंय, पहिल्या तपासणीत शिसं जास्त दिसतंय. फोन ठेवला आणि मला त्या दुपारसारखाच फ्रीजच्या मोटरचा आवाज ऐकू यायला लागला.

दुसऱ्या तपासणीतही तेच आलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या, त्याचीच मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, हॉस्पिटलात ठेवण्याइतकं नाही, पण हे कुठून येतंय ते शोधायला हवं, नाहीतर वाढत जाईल. बायकोने विचारलं की ह्याने नक्की काय होतं.

"ह्या वयात मेंदू वाढत असतो. लक्ष लागणं, शिकणं, आठवण, ह्यांच्यावर परिणाम होऊ शकतो."

"म्हणजे होणारच?"

"सांगता येत नाही. काही मुलांत शाळेत गेल्यावर कळतं. काहींत काहीच होत नाही."

"कधी नक्की कळेल?" मी विचारलं.

त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

गाडीत मुलगी मागच्या सीटवर स्वतःशीच गात होती. बायको म्हणाली, "काहीच झालं नसल्यासारखी गातेय." मी हो म्हणालो. मला तेव्हाच माहीत होतं. सगळं माहीत होतं असं नाही, पण हातांना माहीत होतं. स्टिअरिंगवरच्या बोटांकडे मी बघत नव्हतो.

त्याच आठवड्यात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याची नर्स घरी येणार होती. ती येण्याआधी मी प्रेस सोडवली, डबे गॅरेजमध्ये नेले आणि त्यावर चादर टाकली. मला भीती होती की हे लोक मूल घेऊन जातील. असं ऐकलेलं होतं, कुणाकुणाचं. घरात हत्यार, बंदुकीची दारू, शिसं आणि बाहेरून आलेला बाप. ओटा मी ब्लीचने घासला.

नर्स मोठ्या आवाजाची, मनमोकळी बाई होती. भिंतींचे रंग खरवडून बघितले, नळाचं पाणी घेतलं, भांडी बघितली. मग यादी काढून विचारायला लागली. जुनी खेळणी? मातीची रंगीत भांडी? गावाकडची औषधं?

बायकोने बाळगुटीची सहाण आणि डबा दाखवला. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग. आणि काजळाची डबी.

"हे काय आहे?"

"काजळ. मुलीच्या डोळ्यांत घालते."

नर्सने दोन्ही वस्तू पिशवीत घातल्या. काजळात कधी कधी शिसं सापडतं असं म्हणाली. माझ्या अंगातला सगळा ताण त्या एका वाक्याने सुटला. मी खुर्चीत बसलो.

मग तिने विचारलं, "घरात कुणाचं काम किंवा छंद असा आहे का की ज्यात शिसं येतं? बॅटऱ्या, मासेमारीची वजनं, रंगकाम, नेमबाजी?"

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"मी दुकान चालवतो," मी म्हणालो. "दूध आणि ब्रेड."

नर्सने ते लिहून घेतलं.

नर्स गेली. बायकोने मुलीला खाली ठेवलं, दार लावलं, आणि मग म्हणाली, "ते का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं? तिने काजळ नेलंय ना?"

"ते काजळ मी केलंय. एरंडेलाचा दिवा लावून, वर ताट धरून. त्यात शिसं कुठून येणार?"

"तुझ्या आईने शिकवलेल्या गोष्टींत काय काय असतं कुणाला माहीत."

"आईवर जाऊ नका."

"मग कुणावर जाऊ?" माझा आवाज चढला. मी काजळावर बोललो, बाळगुटीवर बोललो, तिच्या संध्याकाळच्या पाळीवर बोललो, मूल शेजारी ठेवावं लागतं ह्यावर बोललो. मी चढ्या आवाजाने खूप सौदे जिंकलेत. समोरचा दमेपर्यंत बोलायचं. ती दमली नाही. ती फक्त ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमचा आवाज चढला की मला कळतं, तुमचा भाव चुकलाय."

काजळाचा निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी मुलीला भरवलं नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि बायकोने पाळी बदलून घेतली. मुलगी जेवताना माझ्याकडे तोंड उघडून बघायची, कारण तिला सवय होती. मी दुसऱ्या खोलीत जायचो. दुकानात दाराची घंटा वाजली तरी आता दचकत नव्हतो. त्या माणसाची भीती संपली होती. तो पुन्हा आला असता तर मी बहुतेक म्हणालो असतो, थांब जरा, मला दुसरं काम आहे.

मी तिच्यावर नजर ठेवायचो. चालताना अडखळली का? काल हा शब्द येत होता, आज का आठवला नाही? लाल ठोकळा लालवर रचायची, आज लालवर निळा का ठेवला?

नर्सचा फोन आला. काजळात शिसं नाही, बाळगुटीत नाही, भिंतीत नाही, पाण्यात नाही. ती म्हणाली, "आपण पुन्हा पहिल्यापासून बघू."

"बघायला नको," मी म्हणालो. "तुम्ही या. मी दाखवतो."

ती आली तेव्हा मी गॅरेजमधली चादर काढली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. मूल नेण्याबद्दल ती काही बोलेल म्हणून मी खिशात वकिलाचा नंबर ठेवला होता. ती फक्त म्हणाली, "ठीक आहे." मग पिशवीतून कापसाच्या टोकाच्या छोट्या काड्या काढल्या. त्यांवरचं औषध शिशाला लागलं की लाल होतं. प्रेसच्या दांड्यावर फिरवली, लाल. डब्याच्या झाकणावर, लाल. घरात आलो. मी ब्लीचने घासलेल्या ओट्याच्या सांध्यात, फिकट लाल. मुलीच्या उंच खुर्चीच्या ताटलीवर, कडेला, लाल.

"आता तुमचा हात," ती म्हणाली.

मी म्हणालो की मी गेले आठ दिवस गोळीला हात लावलेला नाही, आणि आत्ता गॅरेजमध्ये चादर ओढली तेवढंच. आणि ती यायच्या आधी मी हात धुतले होते.

"तरी द्या."

तिने काडी माझ्या तर्जनीच्या नखाच्या कडेने फिरवली. आम्ही तिघं बघत होतो. आधी काहीच झालं नाही. मग कापसाचं टोक गुलाबी झालं, मग लाल.

बायको उठली आणि मुलीला उचलून घेऊन बेडरूममध्ये गेली. दार लावलं नाही. मला ते दार लावलेलं चाललं असतं.

"तुम्ही हातांनी जेवता का?" नर्सने विचारलं. हे विचारताना तिचा आवाज पहिल्यांदा हळू झाला होता. मी हो म्हणालो. "आणि तिला?" मी पुन्हा हो म्हणालो. तिने ते लिहिलं नाही. पेन तसंच हातात धरून बसली. मग तिने मला हात धुवायला शिकवलं. ब्रशने, साबणाने, नखांखाली, गार पाण्याने. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला एक अनोळखी बाई हात धुवायला शिकवत होती आणि मी शिकत होतो.

पुढच्या शनिवारी मी उरलेले डबे गाडीत घातले आणि त्या हॉलमध्ये गेलो. म्हातारा तिथेच होता. मी डबे त्याच्या टेबलावर आदळले.

"माझ्या मुलीच्या रक्तात शिसं आहे."

त्याचा चेहरा उतरला. पण मला तेवढ्याने भागत नव्हतं.

"तू नीट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. गार पाणी, साबण, कोपरापर्यंत."

"तू तांब्याच्या डब्या विकत होतास." मी ओरडत होतो. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "तुझा हात त्या डबीवर होता. माझी मुलगी दोन वर्षांची आहे असं मी म्हणालो, आणि तू मला दोन डब्यांचा भाव सांगितलास."

"मी दोन्ही करत होतो," तो म्हणाला. "तुला सांगत पण होतो आणि विकत पण होतो."

मीसुद्धा आयुष्यभर दोन्ही करत आलोय. काउंटरवर दूध देताना तारीख बघा म्हणून मी सांगतो, आणि महाग दूध पुढे सरकवतो.

त्याने न मोजता सगळे पैसे परत दिले, वापरलेल्या गोळ्यांचेसुद्धा. मी घेतले. मग त्याने विचारलं, "कितपत आहे तिचं?" मी सांगितलं नाही. तो माणूस वाईट नव्हता आणि मला त्याने वाईट असायला हवं होतं. बाजारातून मी पहिल्यांदा भाव न करता बाहेर पडलो होतो, हे गाडी सुरू केल्यावर माझ्या लक्षात आलं.

प्रेस विकून टाकली. रिव्हॉल्व्हर दुकानातल्या तिजोरीत पडून राहिलं, मी रेंजवर पुन्हा गेलो नाही. तो च्युइंग गमवाला माणूसही पुन्हा आला नाही. दर दोन महिन्यांनी मुलीचं रक्त तपासायचो. प्रत्येक वेळी थोडं कमी यायचं. डॉक्टरीणबाई समाधानाने मान हलवायच्या आणि मी विचारायचो, "जे आधी झालंय ते?" त्या म्हणायच्या, "बघत राहू."

मी बघत राहिलो. तिला चमच्याने जेवायला शिकवलं. पहिले दोन महिने ती चमचा ढकलायची आणि माझं बोट धरून तोंडाकडे न्यायची. मी बोट सोडवून घ्यायचो. तिने रडायचं, आणि मी सिंकवर जाऊन पुन्हा हात धुवायचे, आणि परत येऊन चमचाच उचलायचा.

ती शाळेत गेली. तिसरीत पाढे आले. एका संध्याकाळी ओट्याशेजारच्या टेबलावर बसून ती सातचा पाढा म्हणत होती, इंग्रजीत, शाळेत शिकवतात तसा. सेव्हन सेव्हन्स फॉर्टी नाईन म्हणाली आणि थांबली. पुढे येईना.

"सात आठे?" मी विचारलं.

"थांब ना बाबा."

"काल येत होतं तुला."

"आय जस्ट फरगॉट, ओके?"

बायको पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. मुलगी पेन्सिलचं टोक चावत छताकडे बघत होती. बाहेर कुणाची तरी गाडी वळली आणि तिचे दिवे भिंतीवरून सरकून गेले. सगळी पोरं विसरतात. माझ्या दुकानात येणारी शेजारची पोरं सुटे पैसे मोजताना विसरतात. हे मला माहीत होतं.

"फिफ्टी सिक्स," ती म्हणाली, आणि पुढचं घडाघडा म्हणायला लागली.

बायकोचं लाटणं पुन्हा सुरू झालं. मी उठलो, सिंकपाशी गेलो आणि नळ सोडला. गार पाणी, साबण, कोपरापर्यंत. हाताला काहीच लागलेलं नव्हतं. मी तरी नखं घासत राहिलो, आणि मागे तिचा पाढा सत्तरला जाऊन पोचेपर्यंत ऐकत उभा राहिलो.